तंत्रविचारणा : थ्रीडीएस कन्सोलची आतली मेमरी बॅकअपवरून पूर्ववत करताना

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या मुलीकडे निन्टेंडो थ्रीडीएस एक्सएल हा गेमचा कन्सोल आहे. माझ्या धाकट्या दिरांनी तो २०१४ मध्ये अमेरिकेहून आणला होता. बेळगावात इंजिनिअरिंग शिकत असताना पुतण्याने त्यात कस्टम फर्मवेअर (निन्टेंडोच्या मूळ प्रणालीत बदल करून तयार केलेली प्रणाली) घातले आणि आतल्या मेमरीचा बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवला, त्याला आता चार वर्षे झाली. गेल्या महिन्यात जागा मोकळी करण्याच्या नादात मुलीने गॉडमोड९ (कन्सोलच्या आतल्या फाइली हाताळण्याचा प्रोग्राम) उघडून आतल्या मेमरीतले काही फोल्डर पुसले. तेव्हापासून कन्सोल चालू केला की काळ्या पडद्यावर काहीतरी चूक झाल्याचा इंग्रजी मजकूर येतो आणि पुढे काहीच होत नाही. स्टार्ट बटण दाबून धरून चालू केल्यास गॉडमोड९ मात्र उघडते. पेनड्राइव्हवर तीन फाइली आहेत. कॉम्प्युटर एकीचा आकार ९४३ एमबी, दुसरीचा १.२१ जीबी आणि तिसरीचा ६११ एमबी दाखवतो. पुतण्याने त्यांची नावे बदलून ठेवल्यामुळे नावावरून काही कळत नाही, आणि निपाणीच्या मावसबहिणीच्या कन्सोलचा बॅकअपही त्याच पेनड्राइव्हवर असल्याचे तो सांगतो. यांपैकी कोणती फाइल घालावी? चुकीची घातली तर काय होईल? मुलीने याच कन्सोलवर तिच्या आजोबांचे शेवटचे फोटो काढले आहेत, ते जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

उत्तर : गॉडमोड९ अजून उघडते आहे, हे आपल्या पत्रातले सर्वांत दिलासा देणारे वाक्य आहे. थ्रीडीएसची आतली मेमरी म्हणजे मदरबोर्डवर बसवलेली एक चिप असून तिचे अनेक विभाग पाडलेले असतात. कन्सोल सुरू होताना सर्वप्रथम वाचला जाणारा विभाग वेगळा असतो, होम मेनू आणि सेटिंग्ज ज्यात राहतात तो मोठा विभाग वेगळा, जुन्या डीएस पद्धतीच्या प्रोग्रामांचा वेगळा आणि फोटोंचा आणखी वेगळा. पुतण्याने बसवलेले बूट९स्ट्रॅप, म्हणजे कस्टम फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, पहिल्या विभागात राहते आणि ते शाबूत असल्यामुळेच एसडी कार्डावरचे गॉडमोड९ चालते. बिघाड होम मेनूच्या विभागात झाला आहे. म्हणजे घराचा दरवाजा आणि कुलूप ठीक असून आतल्या खोलीतले सामान विस्कटले आहे. अशा स्थितीत कन्सोल कायमचा गेला असे समजण्याचे कारण नाही.

आता तीन फाइलींबद्दल. ६११ एमबीची फाइल बाजूला काढा, कारण या घराण्यातल्या कोणत्याही कन्सोलचा पूर्ण बॅकअप इतका लहान नसतो. नक्कल करताना पेनड्राइव्ह मध्येच काढला गेला असावा किंवा जागा संपली असावी. २०११ पासूनच्या जुन्या पिढीच्या थ्रीडीएस, थ्रीडीएस एक्सएल आणि टूडीएस या कन्सोलांचा गॉडमोड९ने घेतलेला बॅकअप साधारणतः ९४३ एमबीचा, म्हणजे ९८,८८,०७,१६८ बाइटांचा असतो. २०१४ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या ‘न्यू’ पिढीचा बॅकअप १२४० एमबीचा असतो आणि कॉम्प्युटर तोच आकार १.२१ जीबी असा दाखवतो. आपला कन्सोल कोणत्या पिढीचा, हे एकदा हातात घेऊन पाहा. उजवीकडच्या चार बटणांच्या वरच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढी राखाडी घुंडी असेल आणि मागच्या कडेला दोन्ही बाजूंस एकेक नव्हे तर दोन-दोन बटणे असतील, तर तो ‘न्यू’ पिढीचा. आपल्या लिहिण्यावरून आपला कन्सोल जुन्या पिढीचा दिसतो, आणि तसे असेल तर ९४३ एमबीची फाइल आपली व १.२१ जीबीची निपाणीची असा निष्कर्ष निघतो.

तरीही केवळ आकारावर विसंबू नये, कारण मावसबहिणीचा कन्सोलही जुन्या पिढीचा असता तर दोन्ही फाइली अगदी सारख्याच आकाराच्या निघाल्या असत्या. गॉडमोड९ बॅकअपच्या फाइलीला नाव देताना त्यात तारीख आणि कन्सोलचा अनुक्रमांक घालते. तो अनुक्रमांक कन्सोलच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवरही असतो, त्यामुळे फाइल कुणाची हे एरवी एका नजरेत कळते. आपल्या पुतण्याने नावे बदलली नसती तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. बॅकअपच्या फाइलींची नावे ‘सोपी’ करण्याचा हा हौशी उद्योग आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांच्या मुळाशी असतो.

चुकीची फाइल घातली तर काय होईल, याचे उत्तर आतली मेमरी कशी लिहिली जाते यात आहे. त्या चिपवरील मजकूर सांकेतिक स्वरूपात लिहिलेला असतो आणि तो उलगडणारी किल्ली प्रत्येक कन्सोलच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कायमची कोरलेली असते. दोन कन्सोल एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले असले तरी त्यांच्या किल्ल्या वेगळ्या असतात. म्हणून निपाणीच्या कन्सोलचा बॅकअप आपल्या कन्सोलला निव्वळ निरर्थक आकड्यांचा ढीग वाटेल. गॉडमोड९ अशी परकी फाइल ओळखून सहसा नकार देते, परंतु तो नकार डावलून कच्च्या स्वरूपात फाइल लिहिण्याचे मार्गही असतात आणि इंटरनेटवरचे काही उत्साही लोक ते सुचवतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्याच कारणाने दुसऱ्या कुणाचा बॅकअप मागवून किंवा उतरवून घेण्याचाही काही उपयोग नाही.

फाइल आपलीच आहे याची खात्री करण्याचा साधा मार्ग असा आहे. ती फाइल एसडी कार्डावरच्या ‘जीएम९’ फोल्डरातील ‘आउट’ या फोल्डरात ठेवावी, कन्सोल स्टार्ट बटण दाबून चालू करावा, गॉडमोड९मध्ये त्या फाइलीवर जाऊन ए बटण दाबावे आणि नँड इमेजच्या (नँड म्हणजे आतली मेमरी) पर्यायांतून ती ‘माउंट’ करावी. माउंट करणे म्हणजे फाइल फक्त उघडून वाचणे. त्याने आतल्या मेमरीवर काहीही लिहिले जात नाही. फाइल याच कन्सोलची असेल तर तिच्यातले विभाग उघडतात आणि ‘डेटा’, ‘टायटल’, ‘डीबीएस’ अशा नावांचे फोल्डर दिसतात. परकी किंवा खराब असेल तर ते विभाग उघडतच नाहीत. बॅकअपच्या शेजारी त्याच नावाची ‘शा’ प्रकारची चिमुकली फाइल असेल तर आणखी चांगले. ती मोठ्या फाइलीच्या अंगठ्याच्या ठशासारखी असते. मोठ्या फाइलीवर जाऊन ‘शा-२५६’ काढण्याचा पर्याय निवडला की दोन्ही ठसे जुळतात की नाही, हे गॉडमोड९ स्वतःच सांगते. चार वर्षे पेनड्राइव्हवर पडून राहिलेल्या फाइलीच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये.

फाइल बरोबर ठरली तरी ती लगेच घालू नका. त्याआधी आत्ता जी बिघडलेली मेमरी आहे, तिचाच बॅकअप घ्यावयाचा आहे. बिघडलेल्या वस्तूची प्रत कशाला ठेवायची, असे आपल्याला वाटेल. परंतु बॅकअप परत बसवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते कन्सोलला चार वर्षे मागे नेणे आहे. त्या चार वर्षांत आतल्या मेमरीत जे जे जमा झाले ते सर्व त्या लेखनाखाली पुसले जाणार, आणि त्यात आपण ज्यांचा उल्लेख केला ते फोटोही असू शकतात. मुलीने फोल्डर पुसले ते होम मेनूच्या विभागातले असावेत, कारण बिघाड तेथेच दिसतो. फोटोंच्या विभागाला तिचा हात लागला नसेल तर फोटो या क्षणी जसेच्या तसे आत आहेत. त्यांना खरा धोका मुलीच्या चुकीपेक्षा आपण घाईने करू पाहत असलेल्या दुरुस्तीचा आहे.

म्हणून आधी फोटो शोधू. थ्रीडीएसचा कॅमेरा फोटो कार्डावर किंवा आतल्या मेमरीत ठेवतो. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा आणि ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर उघडून पाहा. तेथे ‘जेपीजी’ फाइली असतील तर ते साधे फोटो. ‘एमपीओ’ फाइली असतील तर ते त्रिमितीय फोटो, ज्यांत डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी दोन स्वतंत्र चित्रे एकत्र असतात. आजोबांचे फोटो तेथे सापडले तर ते लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि ती काळजी सोडा. सापडले नाहीत तर गॉडमोड९च्या पहिल्या पडद्यावर जी ड्राइव्हची यादी दिसते, तीत ‘सिसनँड टीडब्ल्यूएलपी’ असा एक विभाग असतो. हाच फोटोंचा विभाग. त्यातला फोटोंचा फोल्डर निवडून कार्डावरच्या ‘जीएम९/आउट’मध्ये नकलून घेता येतो. एवढे झाल्यावर संपूर्ण मेमरीचा बॅकअप घ्या : होम बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत ‘स्क्रिप्ट्स’, त्यात ‘मेगास्क्रिप्ट’ आणि त्यात बॅकअपचे पर्याय आहेत. आपल्या एक्सएलबरोबर मुळात ४ जीबीचे कार्ड येत असे. तेच कार्ड अजून असेल तर दोन बॅकअप एका वेळी त्यात मावतीलच असे नाही, तेव्हा बिघडलेल्या मेमरीचा बॅकअप आधी कॉम्प्युटरवर हलवावा आणि मग जुनी फाइल कार्डावर आणावी. कार्डावरील ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ हा फोल्डरही जसाच्या तसा कॉम्प्युटरवर नकलून ठेवावा.

आणखी एक सूचना विजेबद्दल, आणि ती केवळ आपल्याकडे पावसात लाईट जाते म्हणून नाही. दिरांनी अमेरिकेहून कन्सोल आणला, म्हणजे सोबतचा चार्जर १२० व्होल्टचा असणार. त्यावर तसे छापलेलेही असते. तो आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावल्यास जळतो. आपण आजवर कन्व्हर्टर वापरत होतात की यूएसबीची केबल, हे पत्रात नाही. कन्सोलला ४.६ व्होल्ट लागतात आणि थ्रीडीएसची यूएसबी केबल मोबाइलच्या साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर व्यवस्थित चालते. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरावी. इतक्या वर्षांत बॅटरी फुगली असेल, मागचे झाकण उचललेले दिसत असेल, तर हे काम बॅटरी बदलल्यावरच करावे.

प्रत्यक्ष परत बसवण्याचे काम त्यामानाने लहान आहे. गॉडमोड९मध्ये ९४३ एमबीच्या फाइलीवर जावे, ए दाबावे, नँड इमेजचे पर्याय उघडावेत आणि ‘रिस्टोअर सिसनँड’ असे लिहिलेल्या पर्यायांपैकी ज्याच्यापुढे ‘सेफ’ हा शब्द आहे तोच निवडावा. हा शब्द महत्त्वाचा आहे. या पद्धतीत सुरुवातीचा विभाग, म्हणजे ज्यात बूट९स्ट्रॅप बसले आहे तो, मुद्दाम वगळला जातो. पुतण्याने बॅकअप कस्टम फर्मवेअर घालण्यापूर्वी घेतला असो वा नंतर, गॉडमोड९ उघडण्याची आपली वाट त्यामुळे शाबूत राहते. पुढे पडद्यावर बटणांचा एक क्रम येईल आणि तो तसाच दाबून परवानगी द्यावी लागेल. लेखन संपेपर्यंत कन्सोल सपाट जागी ठेवावा, कार्डाला हात लावू नये आणि झाकण मिटू नये. दुर्दैवाने मध्येच बंद पडलाच तरी सुरुवातीचा विभाग शाबूत असल्याने गॉडमोड९ पुन्हा उघडून तेच काम पहिल्यापासून करता येते. आमच्या वाचकांना या टप्प्याची जितकी धास्ती वाटते तितकी ती वाटण्याचे कारण नाही. धास्ती बाळगायची तर ती आधीच्या टप्प्यांत बाळगावी.

कन्सोल सुरू झाल्यावर होम मेनू चार वर्षांपूर्वी होता तसा दिसेल. वाय-फायचा पासवर्ड जुना असेल, मित्रयादी जुनी असेल, कन्सोल खिशात घेऊन चालल्यावर मिळणारी प्ले कॉइन्स आणि किती वेळ काय खेळले याची नोंदवहीही त्या दिवसाशी जाऊन थांबेल, कारण या गोष्टी कार्डावर नसून आतल्या मेमरीत राहतात. नंतर घेतलेल्या गेमचे काय होते, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात आले आहे.

कोणते फोल्डर पुसले हे मुलीला नेमके आठवत असेल, तर संपूर्ण मेमरी मागे न नेता माउंट केलेल्या बॅकअपमधून तेवढेच फोल्डर परत नकलून आणणेही शक्य आहे. परंतु ‘बहुधा हेच’ अशा अंदाजावर ते करू नये.

प्रश्न : मी निपाणीचा आहे. माझ्या न्यू थ्रीडीएसचा होम मेनू सुरू होईना, म्हणून जानेवारी २०२१ चा बॅकअप परत बसवला. सर्व सुरळीत झाले, परंतु २०२१ च्या दिवाळीत ई-शॉपवरून विकत घेतलेले दोन गेम आता दिसत नाहीत आणि कार्डावरची जागा मात्र त्यांनी व्यापलेलीच आहे. शिवाय एक जुना गेम उघडला की सेव्ह खराब झाल्याचे सांगून नव्याने सुरुवात करण्यास सांगतो. बॅकअपच सदोष होता काय? बसवण्यापूर्वीच्या मेमरीचा बॅकअप मी घेतलेला आहे.

उत्तर : बॅकअप निर्दोष आहे, तो फक्त जानेवारी २०२१ चा आहे. गेमच्या फाइली कार्डावर राहतात, परंतु तो गेम चालवण्याचा परवाना, ज्याला तेथे तिकीट म्हणतात, आतल्या मेमरीतल्या एका नोंदवहीत राहतो. दिवाळीत आपल्याला मिळालेली तिकिटे जानेवारीच्या नोंदवहीत कुठून असणार? म्हणून गेम कार्डावर आहेत, पण होम मेनूच्या लेखी ते आपले नाहीत.

निन्टेंडोने थ्रीडीएसच्या ई-शॉपवरील खरेदी मार्च २०२३ च्या अखेरीस बंद केली, परंतु पूर्वी विकत घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय त्यानंतरही चालू ठेवली. ज्या खात्यावरून गेम घेतले त्याच खात्याने ई-शॉप उघडून ते पुन्हा उतरवले की तिकिटेही परत येतात. हा राजमार्ग आहे आणि आधी तोच धरावा. मात्र जागा मोकळी करण्यासाठी म्हणून सेटिंग्जमधून कार्डावरचा जुना पसारा पुसू नये, कारण गेमबरोबर त्याचा सेव्हही जातो. काहीही करण्यापूर्वी कार्डाची पूर्ण प्रत कॉम्प्युटरवर काढावी.

दुसरा मार्ग आपल्याला खुला आहे, तो आपण बिघडलेल्या मेमरीचा बॅकअप घेऊन ठेवलात म्हणून. ती फाइल गॉडमोड९मध्ये माउंट करून तिच्यातील ‘डीबीएस’ फोल्डरातली तिकिटांची नोंदवही पाहता येते, आणि ती खराब झालेली नसेल तर चालू मेमरीतल्या नोंदवहीच्या जागी आणता येते. तेथे प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीवर पडताळणीचा शिक्का असतो आणि असा बदल केल्यावर तो शिक्का गॉडमोड९कडून नव्याने उमटवून घ्यावा लागतो. त्यासाठी ‘सीमॅक’ दुरुस्त करण्याचा पर्याय त्या ड्राइव्हवर मिळतो. हे काम पूर्वी केलेल्या माणसाला शेजारी बसवूनच करावे. आपला होम मेनू का बंद पडला होता, हे आपल्याला माहीत नाही. दोष त्याच नोंदवहीत असेल तर आपण तो पुन्हा घरात आणाल.

सेव्ह खराब झाल्याच्या संदेशाची गोष्ट निराळी आहे आणि ती अनेकांना चकवते. काही निवडक गेम सेव्हच्या जुन्या प्रती घालून कुणी फसवणूक करू नये म्हणून प्रत्येक वेळी एक खूणसंख्या ठेवतात : एक कार्डावरच्या सेव्हमध्ये आणि तीच आतल्या मेमरीत. दोन्ही जुळल्या तरच गेम सेव्ह मान्य करतो. आपल्या कार्डावरचा सेव्ह आजचा आहे आणि आतली खूणसंख्या जानेवारी २०२१ ची, म्हणून चांगला सेव्ह नाकारला जात आहे. नव्याने सुरुवात करण्याच्या सूचनेला होकार देऊ नका, कारण मग तो खरोखरच पुसला जाईल. चेकपॉइंट नावाच्या सेव्ह सांभाळणाऱ्या प्रोग्रामने त्या गेमच्या सेव्हची प्रत काढून तीच परत घातली की खूणसंख्येची अडचण दूर होते आणि गेम उघडतो.

यानंतरही काही गेम गायब वाटले, तर कार्डावरच्या ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ फोल्डरात डोकावून पाहा. आत ३२ अक्षरांच्या नावाचा एक फोल्डर असतो. असे दोन फोल्डर दिसले तर मधल्या काळात कन्सोल कधीतरी फॉरमॅट झाला असावा, कारण फॉरमॅटनंतर कार्डासाठीची किल्ली बदलते आणि नव्या किल्लीसाठी नवा फोल्डर तयार होतो. जुना बॅकअप घातल्यावर कन्सोल जुन्या किल्लीचा, म्हणजे जुनाच फोल्डर वाचू लागतो.

प्रश्न : शहापूर, बेळगाव. माझ्या टूडीएसचे पॉवर बटण दाबले की निळा दिवा लागतो आणि क्षणात विझतो. पडदा उजळतच नाही. कस्टम फर्मवेअर आहे. एका दुकानात आतली मेमरी गेली, चिप बदलावी लागेल असे सांगितले. बॅकअप परत बसवून काम होईल काय?

उत्तर : चिपवर संशय घेण्यापूर्वी कार्डावर घ्यावा. बूट९स्ट्रॅप चालू झाल्यावर कार्डाच्या मुळाशी ‘बूट.फर्म’ ही फाइल शोधते. ती कार्डावर किंवा आतल्या मेमरीत कुठेच सापडली नाही, तर आपण वर्णन केलेलेच लक्षण दिसते. कार्ड सैल झालेले असते, त्याच्या पट्ट्यांवर दमटपणाचा थर चढलेला असतो, किंवा कार्ड मेलेले असते. कार्ड काढून पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा, कॉम्प्युटरवर ते उघडते का पाहा आणि ती फाइल जागेवर आहे याची खात्री करा. नवे कार्ड घेणार असाल तर ३२ जीबीपर्यंतचे घ्यावे, कारण त्याहून मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि ती हा कन्सोल वाचत नाही. मोठे कार्ड आधी फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावे लागते. शिवाय आतल्या मेमरीची चिप ‘बदलणे’ हा उपाय मोबाइलइतका सोपा नाही, हे पहिल्या उत्तरात किल्लीबद्दल जे सांगितले त्यावरून लक्षात येईल : नव्या कोऱ्या चिपवर आपल्याच कन्सोलचा बॅकअप नसेल तर ती चिप कोरीच राहणार.

कार्ड निर्दोष ठरूनही काही झाले नाही, तर कन्सोलमध्ये कारखान्यातूनच असलेला एक मार्ग उरतो. योग्य प्रकारचे डीएस फ्लॅशकार्ड (डीएसच्या गेम-कार्डासारखे, पण आपल्याला हवा तो मजकूर लिहिता येणारे कार्ड) दुसऱ्या चालू कन्सोलवर तयार करून घेतले, ते आपल्या कन्सोलमध्ये घातले आणि स्टार्ट, सिलेक्ट व एक्स दाबून पॉवर दिली की आतल्या मेमरीला न विचारता कन्सोल त्या फ्लॅशकार्डावरून सुरू होतो. त्या वेळी कन्सोल झोपेच्या स्थितीत असावा लागतो. मिटणाऱ्या मॉडेलांना त्यासाठी चुंबक धरावे लागते, आपल्या टूडीएसला मात्र झोपेचे सरकते बटण असल्याने ती खटपट वाचते. त्यापलीकडचा उपाय म्हणजे मदरबोर्डवर बारीक तारा डाग देऊन जोडणे आणि चिप कार्ड रीडरमधून वाचणे. बेळगावच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत इतके बारीक डाग देणारे हात नक्कीच आहेत. चार तारा कुठे जोडायच्या, हे दाखवणारे छायाचित्र मात्र आपण बरोबर न्यावे.

प्रश्न : आम्ही कणकुंबीजवळ राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवला तर टिकेल काय?

उत्तर : एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका. पेनड्राइव्ह आणि कार्ड यांतला मजकूर विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि न वापरता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार हळूहळू गळतो. दमट हवेचा त्रास असतो तो वेगळा, आणि तो मुख्यतः बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांना होतो. एक प्रत कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी पेनड्राइव्हवर ठेवावी. पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या चपला-बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि दसऱ्याला घर झाडताना एकदा कॉम्प्युटरला लावून ‘शा’चा ठसा जुळतो का ते पाहावे. गॉडमोड९ पहिल्यांदा उघडताना ‘इसेन्शियल’ नावाची एक छोटी फाइल तयार करू का, असे विचारते. तिला होकार द्यावा. कन्सोलची ओळख आणि किल्ल्या त्या फाइलीत असतात. ती इतकी लहान असते की स्वतःलाच मेल करून ठेवता येते, म्हणजे डबा, पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर यांपैकी काहीच उरले नाही तरी ती हाताशी राहील. दुसऱ्या कुणाला मात्र ती पाठवू नये.